थोरलीएवढं

१

पूनमच्या सोनोग्राफीत बत्तीस अंडी दिसली आणि शिवकुमार सरांचा हात मशीनवरच थांबला. त्यांनी पुन्हा मोजली. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लगेच कळला आणि माझं डोकं फिरलं.

मी कौसर शेख. सोलापुरात सरांच्या वंध्यत्व केंद्रात बावीस वर्षं काढली. इंजेक्शनची खोली माझी. मूल राहत नाही म्हणून बायका येतात, अंडी वाढवायचं हार्मोनचं इंजेक्शन रोज पोटात घेतात, आणि ते माझ्याच हातानं जातं. माझं स्वतःचं म्हणाल तर, मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीला तीन झाली. इथं पेढे घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी 'मुबारक हो' म्हणते, पेढा खाते आणि आत जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ही सगळी गोष्टच जळण्याची आहे.

आमच्याकडं प्रत्येकीचं माप वेगळं. भाकरीला पाणी किती घालायचं ते पीठ बघून ठरतं, तसंच हे. सर वय बघतात, रक्त बघतात, अंडाशयात शिल्लक किती ते बघतात आणि मगच आकडा लिहितात. पूनमचा आकडा शंभर. पोरगी तिशीच्या आतली, पण अंडाशय भलतेच तापट. थोडं जास्त औषध गेलं की ते फुगणार, पोटात पाणी भरणार आणि आयसीयू गाठायची वेळ येणार. म्हणून रोज सकाळी शंभर. सात दिवस झाले होते, आज आठवा.

"शंभरवर दहा-पंधरा दिसायला हवी होती," सर म्हणाले. तासाभरानं रक्ताचा रिपोर्ट आला, तोही अडीच पट. "सिस्टर, पेन बदललं गेलं नाही ना?"

आमचं औषध पेनात येतं. मागची चकती फिरवून आकडा लावायचा आणि टोचायचं. आत किती उरलं ते काचेतून दिसतं. मी फ्रिज उघडला. पूनमच्या डब्यात नऊशेचं पेन, सातशे गेलेलं, दोनशे शिल्लक. शेजारचा डबा आयेशाचा. तिचं वय अडतीस, अंडी कमी, म्हणून तिला रोज तीनशे. तिची पेनंही मोजून दाखवली, एक थेंब इकडचा तिकडं नव्हता. त्या सकाळच्या सोनोग्राफीत आयेशाची अंडीसुद्धा ठरल्याप्रमाणं वाढलेली होती. अदलाबदल झाली असती तर ती मागं पडली असती.

"म्हणजे औषध बाहेरून गेलंय," मी म्हणाले. "माझ्यावर डोळे वटारण्याआधी एवढं तरी मोजायचं होतं, सर."

सर वरमले. पण पुढं जे बोलले ते गमतीचं नव्हतं. "काय गेलं, किती गेलं आणि शेवटचं कधी गेलं, हे मला संध्याकाळी सहापर्यंत कळलं पाहिजे. कळलं तर वाट काढता येईल. नाही कळलं तर मी धोका घेणार नाही. सायकल रद्द."

सायकल म्हणजे उपचाराची एक पूर्ण फेरी. पूनमची ही तिसरी होती. आधीच्या दोन फुकट गेलेल्या. घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, चौथ्यांदा पाठवणार नाही.

२

पूनम अजून टेबलावरच होती. तिला उठवताना चादर सरकली आणि डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला तीन निळसर ठिपके दिसले. एकाखाली एक, दोन-दोन बोटांच्या अंतरानं.

"हे काय गं?"

"डास चावले."

"चिंचोळीचे डास रांगेत चावतात होय?"

तिनं साडी खाली ओढली आणि भिंतीकडं तोंड केलं. हिचा नवरा सिद्धराम चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात कामाला. त्याचा थोरला भाऊ आणि थोरली जाऊ अक्कम्मा, सगळे तिथंच एका घरात. अक्कम्माही आमचीच पेशंट. दीड महिन्यापूर्वी तिची इंजेक्शनं संपली, आणि पहिल्याच खेपेला तिला राहिलं. पूनमची दोन वर्षं आणि थोरलीची पहिलीच खेप. पूनमच्या जागी मी असते तर भिंतीला डोकं आपटून घेतलं असतं.

"पूनम, हे मी विचारतेय ते ओरडायला नाही. औषध किती गेलं ते कळलं नाही तर सर सगळं थांबवणार आहेत. तुला मूल हवंय ना?"

ती रडायला लागली. बराच वेळ रडली. मग भिंतीकडं बघतच म्हणाली, "आमच्या फ्रिजमदी अक्कांचं पेन हाय. त्येंलाच इचारा. मला काय बी इचारू नका."

बाहेर तिची आई चिमाबाई बसली होती. सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी बाई. लेकीच्या उपचारासाठी कळप दिराच्या हवाली करून चिंचोळीला येऊन राहिली होती. काळी, काटक, कमरेला सुपारीची चंची. रोज पहाटे उठून बाजरीची भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणायची आणि इंजेक्शन झालं की लेकीला स्वतःच्या हातानं घास भरवायची. एवढ्या मोठ्या घोडीला घास. मला ते बघवायचं नाही. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्या खोलीत येऊन सगळं नीट बघितलं होतं. "बाई, टोचल्यावर तुमी खून न्हाय करत व्हय? आमी मेंढराला टोचलं की गेरू लावतो. न्हायतर एकालाच दोनदा जातंय." मी म्हणाले होते, मावशी, इथं बायका येतात, मेंढरं नाही. नंतर पाचव्या दिवशी तिनं मला दारात गाठून आणखी काहीतरी विचारलं. हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. बाहेर गर्दी होती, मी फटकन काहीतरी बोलले आणि आत गेले.

आता ती उठून उभी राहिली. "लेक बरी हाय न्हवं?"

"बघू," म्हणाले आणि आयेशाला आत बोलावलं.

३

आयेशाच्या नवऱ्याच्या, खालिदच्या, चार मालट्रक आहेत. बाई तोंडाची फटकळ. गेले सात दिवस ती आणि पूनम शेजारी शेजारी बसायच्या आणि एकमेकींची अंडी मोजायच्या. तुझी किती, माझी किती. मार्कलिस्ट लागल्यावर पोरी करतात तसंच सगळं. मीच दोनदा दोघींना झापलं होतं.

"पूनमच्या औषधात गडबड झालीय," मी सरळ सांगितलं. "तू काही दिलंस का तिला? काही खायला, टोचायला?"

"मी? सिस्टर, मला तीनशे घेऊन चार अंडी, आणि तिला शंभरात ढीगभर. मी तिला माझं औषध देईन? मी तर तिच्याकडं बघून रोज जळते." मग ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सच बोलू का? परवा कपडे बदलायच्या खोलीत तिच्या परकराला लाल डाग दिसला. मला वाटलं, पाळी आली, हिची सायकल गेली. आणि मला बरं वाटलं. घरी जाऊन नमाज पढले, तोबा केली. पण वाटलं ते वाटलं."

"डाग मागं होता?"

"नाही. बाजूला. मांडीवर, इथं." तिनं डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला हात लावला.

"काळपट होता की लाल?"

तिनं आठवून बघितलं. "विटेसारखा. सुकलेला होता, तरी लालच."

बावीस वर्षं रक्ताचे डाग धुतलेत मी. सुकलेलं रक्त तपकिरी पडतं, विटेच्या रंगाचं राहत नाही. आणि पाळीचा डाग मांडीच्या बाहेरच्या अंगाला कशाला येईल? तिथं तर ते तीन ठिपके होते.

मी अक्कम्माला फोन लावला. म्हणाले, "फ्रिजमधलं तुझं पेन घेऊन ताबडतोब ये. कुणाला काही सांगू नको."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "माझं पेन कशाला?"

४

अक्कम्मा दुपारी अडीचला आली. अक्कलकोटकडची, मराठीत मधूनच कानडी डोकावणारी. दुसराच महिना, पण एक हात पोटावर ठेवूनच चालत होती. छातीशी स्टीलचा डबा धरलेला, त्याला कुंकू लावलेलं.

उरलेलं औषध केंद्रातच जमा करायचं असा आमचा नियम. हिनं त्या वेळी रडून, हातापाया पडून, सुयांसकट ते घरी नेलं होतं. ज्या औषधाला गुण आला ते टाकायचं नाही म्हणे. देवाघरासारखं फ्रिजच्या खालच्या खणात ठेवलेलं.

"पूनमला दिलंस का यातलं?"

"अय्यो देवरे, मी कशाला देऊ? तिनं मागितलं होतं, मी नाही म्हणाले." तिचा आवाज चढला. "आलेला गुण वाटला तर अर्धा होतो. माझ्या पोटात अजून सगळं कच्चं आहे, सिस्टर. तिची नजर लागते मला. जेवायला बसले तरी माझ्या पोटाकडं बघत असते."

म्हणजे दोघी जावा एकमेकींवर जळत होत्या आणि फ्रिज एकच होता. मी डबा उघडला. अक्कम्माला दहा दिवस इंजेक्शनं दिली होती, तीन पेनं लागली होती, तिसऱ्यात साडेचारशे उरलं होतं. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे.

पेनाच्या काचेत आता पंचाहत्तर दिसत होतं.

अक्कम्मानं ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी तिच्याकडं नीट लक्ष ठेवून होते. ती खोटं रडत नव्हती. तिला पूनमची काळजी नव्हतीच, आपला गुण चोरीला गेला याचं दुःख होतं, आणि ते सोंग आणता येत नाही.

मी कागद घेतला. तीनशे पंचाहत्तर गेलं. मांडीवर ठिपके तीन, म्हणजे एका वेळी सव्वाशे. आता सव्वाशेच का? ज्याला नुसतं जास्त द्यायचं असतं तो शंभर लावतो, दोनशे लावतो. सव्वाशे हा कुणाच्या सहज मनात येणारा आकडा नाही. त्यात रोजचे माझे शंभर मिळवले आणि माझं पेन कागदावर थांबलं.

सव्वादोनशे. अक्कम्माचा डोस.

"अक्कम्मा, तुला रोज किती देत होते ते ठाऊक आहे?"

"मला काय ठाऊक? तुम्ही टोचायच्या, मी डोळे मिटायची. कार्ड तुमच्याच कपाटात."

खरं होतं. कार्ड माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. तो आकडा सरांना ठाऊक होता आणि मला. सर तर कुणाला स्वतःचं वयही सांगत नाहीत. मग चिंचोळीच्या त्या घरात सव्वादोनशे पोचले कसे?

५

साडेचार वाजले होते. चिमाबाई मागच्या अंगणात नळाजवळ बसली होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसले.

"मावशी, चंची दाखवता का जरा?"

तिनं माझ्याकडं बघितलं, चंची सोडली आणि माझ्या हातात दिली. सुपारी, चुना, अडकित्ता, आणि चिंधीत बांधलेला गेरूचा खडा. तिच्या बोटांच्या पेरांनाही तो लागलेला होता. सुई हातात धरणारा खूण करायला विसरत नाही, ही तिची जन्माची सवय. लेक एकटीच होती, दोनदा टोचलं जायची भीती नव्हती, तरी तिनं तिन्ही वेळा गेरू लावला होता.

"तुम्हीच टोचलंत."

"व्हय." तिनं लपवलं नाही. "मेंढराला टोचते, लेकीला का न्हाय टोचनार? आकडं येत्यात मला."

"पण का, मावशी? डॉक्टरांनी शंभर लिहिलं होतं."

"आमी औशद वजनावर देतो, बाई. दोन मेंढरं एका वजनाची आसली की दोगांस्नी एकच माप. माझी लेक अन तिची जाऊ, दोगी अंगानं सारक्या. मग एकीला भरून अन एकीला निम्मंबी न्हाय? मला वाटलं, सासरच्यांनीच डाक्टरला सांगून कमी लावलंय. थोरली त्येंची लाडकी. माझ्या पोरीला सवत असल्यावानी वागवत्यात." तिनं पदरानं नाक पुसलं. "जळलं माझं काळीज. मग थोरली जरा पडाय गेली की रोज सांजंला राहिलेलं दिलं. थोरलीएवढं केलं. जास्त एक बी न्हाय."

मागं पूनम येऊन उभी होती. "आईला बोलू नका, सिस्टर," ती म्हणाली. "मीच म्हनले आईला, दे म्हनून. अक्कांच्या औषदाचाच गुण यावा वाटत व्हतं मला. अन सकाळी अक्कांचं नाव बी मी मुद्दाम घेतलं. त्येंच्यावर आळ आला आसता तर मला वाईट वाटलं नसतं."

"शेवटचं कधी?"

"काल सांजंला सात वाजता. आज न्हाय."

काय, किती आणि कधी, तिन्ही उत्तरं मिळाली होती. मला उठून सरांकडं धावायला हवं होतं. पण तो आकडा मला उठू देईना.

"मावशी, थोरलीचा डोस सव्वादोनशे होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चिमाबाईनं नवलानं माझ्याकडं बघितलं. "आवो बाई, तुमीच की."

आणि मला पाचवा दिवस आठवला. बाहेर बाकावर ती पूनमला घास भरवत होती, पूनम लहान पोरीसारखी तोंड उघडत होती, आणि मी दारात उभी राहून बघत होते. इतकी जळले की छातीत दुखलं. त्याच क्षणी चिमाबाई उठून आली, हातात भाकरीचा तुकडा, आणि म्हणाली, बाई, माझ्या लेकीला शंभरच का? सांगता आलं असतं, अगदी दोन वाक्यांत. मावशी, इथं वजनावर नसतं, तुमच्या लेकीला जास्त सोसणार नाही. बावीस वर्षं तेच तर सांगत आलेय. पण मला तिला दुखवायचं होतं. मी म्हणाले, "थोरलीला सव्वादोनशे दिलं होतं. तुमच्या लेकीला शंभरच. नशीब एकेकीचं." आणि आत निघून गेले.

त्याच संध्याकाळी मांडीवर पहिला ठिपका पडला.

६

सहाला पंचवीस मिनिटं होती. सरांना सगळं सांगितलं. तेच औषध, तीनशे पंचाहत्तर, शेवटचं काल सात वाजता. सरांनी डोळे मिटून हिशेब केला आणि मग पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"ठीक आहे. दोन दिवस इंजेक्शन बंद. रोज रक्त बघू. अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन नेहमीचं द्यायचं नाही, दुसऱ्या प्रकारचं देऊ, त्यानं पोट फुगत नाही. अंडी काढू, गर्भ तयार करून गोठवू, आणि दोन महिन्यांनी पोट शांत झालं की आत सोडू. सायकल वाचली, सिस्टर." त्यांनी ड्रॉवरमधून घटना नोंदवायचा फॉर्म काढला. "आईनं केलं असं लिहा. पुढच्या वेळेपासून त्या बाईला आत घ्यायचं नाही."

फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना असतो. सरांनी मला तो शेवटचा प्रश्न विचारलाच नव्हता. आकडा कुठून गेला हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. चिमाबाईचं नाव लिहून मी घरी जाऊ शकत होते, कुणी काही म्हणालं नसतं. मी पेन हातात घेतलं. मग लिहिलं: 'एका पेशंटचा डोस दुसऱ्या पेशंटच्या आईला सांगितला. डोस वेगवेगळा का असतो ते विचारूनही समजावलं नाही. जाणूनबुजून. कौसर शेख.'

सरांनी वाचलं. "जाणूनबुजून हा शब्द काढा," ते म्हणाले.

"राहू दे, सर. खरा आहे."

महिनाभर इंजेक्शनची खोली माझ्याकडून गेली. आईला आत यायची परवानगी राहिली, तेवढं मी भांडून घेतलं. चिमाबाईला मी स्वतः जाऊन सांगितलं की मी तसं का बोलले. तुमच्या हातातल्या घासावर जळले, हेही सांगितलं. ती तोंड फिरवून बसली.

चार दिवसांनी सकाळी पूनमची अंडी काढली. एकोणीस चांगली निघाली. आत दुसरी सिस्टर होती, मी बाहेर रजिस्टर घेऊन बसले होते. शुद्धीवर आल्यावर पूनमनं पहिल्यांदा आईला हाक मारली, आणि दारातून मला चिमाबाईचा हात लेकीच्या केसांवरून फिरताना दिसला. जळणं गेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? तसंच होतं, त्याच जागी.

थोड्या वेळानं चिमाबाई बाहेर आली. माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि फडकं सोडलं. आत दोन भाकऱ्या होत्या, रोज एकच असायची.

"तुमचा राग हाय मला," ती म्हणाली. "लई राग हाय. लेक हातची गेली आसती."

"हो, मावशी."

तिनं एक भाकरी माझ्या रजिस्टरवर ठेवली, वर चटणी घातली, पहिला तुकडा मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"राग ऱ्हाऊ दे. तोंड उघडा."